आवाज वाढवला म्हणून गाणे सुधारत नाही

तेल्हारा, हिवरखेड, अकोट यांसारख्या बाजारगावांत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांचा एक जोडधंदा असायचा, मेमरी कार्डात गाणी भरून देण्याचा. गिऱ्हाईक कार्ड काढून द्यायचे, दुकानदार संगणकातला आख्खा ढीग त्यात ओतायचा. लग्नाची गाणी, भीमगीते, गजानन महाराजांची भजने, जुनी हिंदी, नवी डीजेची, सगळे एका फोल्डरमध्ये. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि हा धंदा बसला. त्या कार्डांतली गाणी मात्र कुठे गेली नाहीत. ती पेन ड्राइव्हमध्ये गेली, ट्रॅक्टरच्या टेपमध्ये गेली, एका फोनमधून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली. आणि आज ‘नवा फोन घेतला तरी आवाज काही बरोबर नाही’ अशी तक्रार ऐकू येते, तेव्हा दोष बहुतेक वेळा फोनवर टाकला जातो. फोनचा त्यात वाटा असतो, पण लोक समजतात तेवढा नसतो.

गाण्याचा आवाज कानापर्यंत येईस्तोवर तीन-चार हातांतून जातो. आधी फाइल, मग फोन, मग स्पीकर किंवा इअरफोन, आणि शेवटी कान. यातला एक दुवा बिघडला की पुढचे कितीही महाग असले तरी उपयोग नाही. उसात माती असेल तर रसवंतीचे यंत्र नवे आणून काय होणार?

म्हणून सुरुवात फाइलपासून करावी लागते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली. तिच्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि दर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट एवढी माहिती साठते. एवढी जागा त्या काळच्या संगणकात नव्हती, फोनचा तर प्रश्नच नव्हता. यातून एमपीथ्री जन्माला आली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी मानवी कानाची एक खोड वापरली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा लहान आवाज कानाला ऐकूच येत नाही. ढोल वाजत असताना बाजूच्या माणसाच्या बांगड्यांची किणकिण कळत नाही, तसे. जे ऐकूच येत नाही ते फाइलीत ठेवायचे कशाला, म्हणून ते काढून टाकले. १२८ किलोबिटची एमपीथ्री सीडीच्या अकराव्या हिश्श्याएवढी होते, ती अशी.

हे एकदा आणि नीट केले तर फारसे बिघडत नाही. ३२० किलोबिटची चांगली एमपीथ्री आणि मूळ सीडी यांतला फरक बहुतेकांना डोळे मिटून ओळखता येत नाही. पण बाजारातल्या कार्डावर पोहोचलेली फाइल एकदाच दाबलेली नसते. कोणीतरी ती जागा वाचवण्यासाठी ६४ किलोबिटवर आणलेली असते, दुसऱ्याने व्हिडिओतून आवाज वेगळा काढून पुन्हा एमपीथ्री केलेली असते. प्रत्येक खेपेला थोडे काढून टाकले जाते आणि काढलेले परत येत नाही. झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या वाजतात, ‘स’ आणि ‘श’ कुजबुजल्यासारखे होतात. यावर कडी म्हणजे ‘३२० केबीपीएस एचडी’ अशी पाटी लावून फिरणाऱ्या फाइली. यूट्यूबवरचा आवाज साधारण १२८ ते १६० किलोबिटच्या घरात असतो. त्याला ३२० च्या डब्यात भरले की डबा मोठा होतो, आतला माल तेवढाच राहतो. पाव किलो तूर अर्ध्या किलोच्या पिशवीत घातली तर तिचे वजन वाढत नाही.

याच तेल्हारा तालुक्यातल्या हिंगणीचे कवी डॉ. विठ्ठल वाघ यांचे तिफणीचे गाणे ‘अरे संसार संसार’ चित्रपटातून महाराष्ट्रभर गेले. पेरणीच्या दिवसांत ते या भागात अजून वाजते. त्यातले ताल, कोरस आणि गायकांच्या आवाजातला ओलावा ऐकायचा असेल तर दहा हातांतून आलेल्या फाइलीऐवजी कंपनीच्या अधिकृत चॅनेलवरून किंवा गाण्यांच्या अॅपमधून ऐकावे. फरक कळायला संगीताचा कान लागत नाही. अॅपच्या सेटिंगमध्ये मात्र एकदा जावे लागते. डेटा वाचवण्यासाठी अनेक अॅप स्वतःहून आवाजाचा दर्जा खाली आणतात. स्पॉटिफायमध्ये सर्वांत खालचा दर्जा अवघ्या २४ किलोबिटचा आहे, मोफत ऐकणाऱ्यालाही १६० पर्यंत जाता येते. घरी वायफाय असेल तर तिथेच वरच्या दर्जाची गाणी डाऊनलोड करून ठेवावीत म्हणजे शेतात रेंज गेली तरी दर्जा पडत नाही. व्हॉट्सअॅपवर गाण्याचा व्हिडिओ पाठवताना तो पुन्हा दाबला जातो. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर जशीच्या तशी जाते.

उलट बाजूने, ‘हाय-रेझ’ म्हणून सीडीपेक्षाही जड फाइली विकल्या जातात, त्यांच्यामागे धावण्यात अर्थ नाही. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ एवढेच ऐकू येते, तेही लहानपणी. वरची मर्यादा वयाबरोबर खाली येत जाते. सीडीच्या ४४,१०० नमुन्यांत ही सगळी पट्टी बसते. त्यापलीकडची माहिती वटवाघळाच्या कामाची.

आता फोनचा स्पीकर. फोनच्या तळाशी बसवलेला पडदा नखाएवढा असतो. जाड, खर्जातला आवाज काढायचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. आवाजाची पातळी तीच ठेवून कंप्रता निम्मी करायची असेल तर पडद्याला चौपट अंतर पुढे-मागे जावे लागते, असा भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. काही मिलिमीटर जाडीच्या फोनमध्ये एवढी जागा आणायची कुठून? त्यामुळे डग्ग्याचा घुमारा किंवा ढोलाचा ठोका फोनच्या स्पीकरमधून येतच नाही, त्याची फक्त टकटक येते. तरीही ठोका पडल्याचे कळते, कारण मेंदू वरच्या स्वरांवरून खालचा स्वर अंदाजाने भरून काढतो. जुन्या टेलिफोनवर ३०० हर्ट्झच्या खालचे काहीच जात नव्हते आणि पुरुषांचा मूळ स्वर त्याच्या बराच खाली असतो. तरी वडिलांचा आवाज पहिल्या ‘हॅलो’ला ओळखू यायचा, तो याच कारणाने. खंजिरीचे भजन फोनवर बरे वाजते आणि पखवाजाचे फिके वाजते, त्यामागेही हेच आहे. खंजिरीची छनछन वरच्या पट्टीतली असते.

घरोघरी एक उपाय चालतो, फोन स्टीलच्या गंजात किंवा पेल्यात उभा करायचा. आवाज मोठा होतो हे खरे. पण भांडे स्वतःला जमणारे काही स्वर तेवढे उचलते, बाकीचे जागच्या जागी राहतात. म्हणून तो आवाज मोठा आणि डबडबीत येतो. त्यापेक्षा फोन भिंतीच्या कोपऱ्यात, स्पीकरचे तोंड भिंतीकडे करून लाकडी फळीवर ठेवला तर जास्त बरे. भिंती आवाज परत फेकतात आणि खर्जाला थोडा आधार मिळतो.

याहून मोठा फरक एका क्षुल्लक गोष्टीने पडतो, ती म्हणजे जाळी साफ करणे. या भागात वेचणीच्या हंगामात कापसाची तूस सगळीकडे असते. जिनिंगमध्ये काम करणाऱ्याच्या खिशातल्या फोनची जाळी पाहिली तर तिच्यावर अक्षरशः गादी बसलेली दिसते. पिठाच्या गिरणीतही तीच गत. मऊ, कोरड्या टूथब्रशने हलक्या हाताने झाडले की आवाज लगेच मोकळा होतो. टाचणी खुपसू नये आणि तोंडाने फुंकू नये, कारण थुंकीचा ओलावा तूस आणखी चिकटवतो. इअरफोनच्या जाळीत कानातला मळ बसतो. एका बाजूने कमी ऐकू येते म्हणून फेकून दिलेल्या अनेक इअरफोनचे दुखणे एवढेच असते.

इअरफोनचा विषय निघाला की पहिला प्रश्न किमतीचा येतो. तो दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न, तो कानात बसतो का? रबरी टोप्या असलेल्या इअरफोनमध्ये कानाच्या नळीत हवाबंद जागा तयार झाली तरच खर्ज टिकतो, फट राहिली की तो निसटतो. दोनशे रुपयांचा नीट बसलेला इअरफोन दोन हजारांच्या ढिल्या इअरफोनपेक्षा चांगला वाजतो. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा टोप्यांच्या तीन जोड्या येतात. बहुतेक लोक आधीच लावलेली मधली जोडी वापरतात आणि बाकीच्या डब्यासकट हरवतात. दोन्ही कानांना एकच माप लागते असेही नाही.

बिनतारी इअरबडबद्दल दुकानात ‘बास’ आणि ‘वॅट’ यांची भाषा चालते. वेष्टनावरचा वॅटचा आकडा आवाजाच्या दर्जाविषयी काहीही सांगत नाही. ब्लूटूथवरून जाताना गाणे पुन्हा एकदा दाबले जाते. सगळ्या उपकरणांत असणारी साधी पद्धत एसबीसी, तिच्यापेक्षा एएसी, अॅपटीएक्स किंवा एलडॅक बऱ्या, पण फोन आणि इअरबड दोघांनाही ती येत असेल तरच. खरा घोळ वेगळाच असतो. ब्लूटूथवर मायक्रोफोन सुरू झाला की बहुतेक जोड्या संभाषणाच्या पद्धतीवर जातात, त्यात संगीताची पट्टी कापली जाते आणि दोन कानांचे वेगवेगळे आवाज एक होतात. फोन ठेवल्यावरही एखादे अॅप मायक्रोफोन धरून बसले तर गाणी टेलिफोनवरून ऐकल्यासारखी येतात. ते अॅप बंद केले की दुरुस्ती झाली, इअरबड बदलायची गरज नाही. एकच बड कानात घालून ऐकण्याची सवय असलेल्यांनी सेटिंगमधला ‘मोनो ऑडिओ’ सुरू करावा. नाहीतर स्टिरिओ गाण्यातले एका बाजूला ठेवलेले वाद्य त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. एका कानाने अधू असणाऱ्यांसाठी तर ही सोय वरदान आहे. पण ती ‘अॅक्सेसिबिलिटी’ नावाच्या कोपऱ्यात लपवलेली असते आणि तिच्याकडे कोणी जात नाही.

इक्वलायझर हे कामाचे पण सर्वांत चुकीचे वापरले जाणारे साधन. लोक त्यातल्या सगळ्या दांड्या वर नेतात. आवाज आधीच पूर्ण पातळीवर रेकॉर्ड झालेला असतो. त्याला आणखी उचलले की लाटांचे शेंडे कापले जातात आणि यालाच लोक ‘आवाज फाटतो’ म्हणतात. हवे ते वाढवण्याऐवजी नको ते कमी करावे. शब्द कळत नसतील तर खर्जाच्या दांड्या दोन-तीन डेसिबलने खाली आणाव्यात, गायक आपोआप पुढे येतो.

हे सगळे सांगूनही लोक शेवटी एकच बटण दाबतात, आवाज वाढवण्याचे. यामागे अडाणीपणा नाही, कानाची घडणच तशी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की कमी आवाजात कानाला खर्ज आणि वरचे स्वर मधल्या स्वरांच्या मानाने फार कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की दोन्ही टोके भरून येतात. गाणे ‘भरलेले’ वाटते, म्हणजे दर्जा सुधारल्याचा भास होतो. दोन सारख्या यंत्रांपैकी एकाचा आवाज जरासा मोठा ठेवला तर ऐकणारा त्यालाच चांगले म्हणतो. स्पीकर विकणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. आरोग्याचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित ऐकण्याची मर्यादा प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल अशी ठेवली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. डेसिबलचा हिशेब साधा नसतो. दर तीन डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते आणि ऐकण्याचा सुरक्षित वेळ निम्मा. ९० डेसिबलला आठवड्याचे चारच तास उरतात आणि १०० डेसिबलला वीस मिनिटे. दिवसाची नव्हे, आठवड्याची. अनेक फोन आणि इअरफोन पूर्ण आवाजावर शंभरच्या पुढे जातात. म्हणजे तेल्हाऱ्याहून अकोल्याच्या एस.टी.त बसलेला मुलगा आवाज पूर्ण वाढवून गाणी ऐकत असेल, तर अकोला येण्याआधीच त्याचा आठवड्याचा वाटा संपलेला असतो. तो तसा ऐकतो कारण गाडीचा घरघराट गाण्याला झाकतो. कानात नीट बसणारा इअरफोन बाहेरचा घरघराट अडवतो आणि तेच गाणे कितीतरी कमी आवाजात स्पष्ट येते. दर्जा आणि सुरक्षितता यांचे इथे भांडण नाही. रस्त्याने चालताना, गाडी चालवताना मात्र कान मोकळे ठेवावेत, हॉर्न ऐकू यायला हवा.

ट्रॅक्टरची गोष्ट याहून वाईट. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी इंजिनाचाच आवाज नव्वदीच्या आसपास असतो. त्यावर मात करायला मडगार्डवर स्पीकर बसवतात, आणि दिवसभर नांगरणी. मिरवणुकीतल्या डीजेवर वर्तमानपत्रांत रकाने भरतात, ध्वनिप्रदूषण नियम २००० चा दाखला दिला जातो, रात्री दहाची मर्यादा सांगितली जाते. ते योग्यच. पण डीजे वर्षातले काही दिवस असतो, ट्रॅक्टर हंगामभर आणि इअरबड वर्षभर. या दोन्हींवर फारशी चर्चा होत नाही.

कानाच्या आत शंखासारख्या नळीत सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्यांचे सूक्ष्म तुरे झुकतात आणि मेंदूकडे संदेश जातो. पिकावरून वादळ गेले तर काही ताटे दुसऱ्या दिवशी उभी राहतात, काही कायमची आडवी होतात. डीजेपाशी दोन तास उभे राहिल्यावर कान बधिर होतात, शिट्टी वाजते आणि सकाळी बरे वाटते, ती उभी राहिलेली ताटे. आडवी झालेली माणसात पुन्हा उगवत नाहीत. कोंबडीत उगवतात, हे शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात कळले. माणसात ते घडवून आणण्याचे प्रयत्न तेव्हापासून सुरू आहेत, औषध अजून हाती नाही.

नुकसान कुठून सुरू होते हे आणखी महत्त्वाचे. मोठ्या आवाजाने आधी ३,००० ते ६,००० हर्ट्झची पट्टी जाते, बहुधा ४,००० च्या आसपास खड्डा पडतो. झांजेची धार, तंतुवाद्याची छेड, ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतली स्पष्टता बरीचशी याच पट्टीत असते. म्हणजे कान बिघडू लागलेला माणूस ‘मला कमी ऐकू येते’ असे म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आवाज येतो, पण साफ येत नाही.’ तो फोन बदलतो, इअरबड बदलतो, इक्वलायझर वर नेतो, आवाज आणखी वाढवतो. घरचे लोक पुटपुटतात असेही त्याला वाटू लागते.

यात कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे आणि ती त्यांनी पार पाडलेली नाही. बऱ्याच फोनमध्ये आवाजाची कमाल मर्यादा ठरवण्याची सोय आहे, काहींत आठवडाभर किती डेसिबल ऐकले याची नोंदही होते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१८ मध्ये यासाठी मानकही तयार केले. पण ते ऐच्छिक आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये ही मर्यादा सुरुवातीपासून चालू असावी, सूचना मराठीत दिसावी आणि मुलांच्या फोनमध्ये ती पालकांना कुलूपबंद करता यावी, एवढे सरकारने सक्तीचे करायला हरकत नसावी. सिगारेटच्या पाकिटावर इशारा छापता येतो तर इअरबडच्या डब्यावर का नाही? तोवर आवाजाची पट्टी साठ टक्क्यांच्या खाली ठेवणे हा ढोबळ नियम चालेल. ढोबळ अशासाठी की एका इअरफोनचे साठ टक्के दुसऱ्याच्या ऐंशीएवढे असू शकतात. हातभर अंतरावरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसेल तर आवाज जास्त आहे, आकडा काहीही असो.

फोन खराब की कान, हे ठरवण्याचा एक घरगुती मार्ग आहे. तेच गाणे, तोच फोन, तोच इअरफोन आणि तेवढाच आवाज घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला ऐकवावा. त्यांनाही आवाज दबका वाटला तर जाळी साफ करावी, फाइल बदलावी. त्यांना साफ ऐकू येत असेल आणि आपल्याला नसेल, किंवा रात्री शांततेत कानात सतत शिट्टी वाजत असेल, तर दुकानाऐवजी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. ऑडिओमेट्रीला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि दुखत नाही. अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. एका कानाचे ऐकू येणे अचानक, एका रात्रीत गेले तर मात्र आठवडी बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नये. त्यावरच्या औषधाचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त होतो.